शांतूकाकांची मनिला

थांबा, हे आत्ताच्या आत्ता सांगायचंय. चहा गॅसवर आहे, उतू गेला तर जाऊ दे. मी गॅलरीच्या या टोकाला बसून टाईप करतेय आणि त्या टोकाला शांतूकाका खुर्चीत बसून माझ्याकडे बघतायत. मधेच हसतायत. ते हसले की मला कसंतरी होतंय.

शांतूकाका म्हणजे आमचे शेजारी. लालबागची आमची चाळ, दुसरा मजला, शेवटची खोली, एकटे. आयुष्यभर गोदीत दोरखंडांच्या गोदामात होते आणि रिटायर झाल्यावर त्यांनी सगळ्या जगाचंच गोदाम करून टाकलं. हा माणूस दोर हुंगतो. खरंच सांगते. रस्त्यात टेम्पो उभा दिसला, सामानाला दोरी दिसली, की काका थांबणार, वाकणार, नाक लावणार आणि टेम्पोवाल्याला सांगणार, "नायलॉन." तोंडात माशी गेल्यासारखं. गणपतीत तर त्यांच्यासोबत बाहेर पडायची सोयच नाही, प्रत्येक मंडप, प्रत्येक खांब. एकदा एका कार्यकर्त्याला वाटलं आजोबा खांबाच्या पाया पडतायत, त्याने येऊन प्रसाद दिला.

काकांच्या मते दोर जगात एकच, मनिला. काथ्या चालेल, पण तो हात सोलतो. "नायलॉन म्हणजे दोर नाय गो, शेवया." मनिलाची गाठ पाण्यात पण धरून बसते आणि सोडायची म्हटली की सुटते, हे मी लहानपणापासून इतक्या वेळा ऐकलंय की परीक्षेत लिहू शकले असते.

माणसंही त्यांनी अशीच लावून ठेवलीयत. आमचे सेक्रेटरी नायलॉन, चकचकीत, आणि गाठ मारली की घसरतात. माझी आई काथ्या. आईने ते ऐकलं आणि दोन दिवस काकांना आमटी पाठवली नाही, तर म्हणतात, बघ, काथ्या. माझा बॉयफ्रेंड पहिल्यांदा घरी आला तेव्हा त्याचा हात हातात धरून बसले. मला भीती, आता हुंगतात की काय. नाही हुंगला. "मिक्स आहे," म्हणाले. तो अजून विचारतो, चांगलं की वाईट?

आणि मनिला माणूस कोण, असं विचारलं की काका उठून पंखा बंद करायचे.

त्यांच्या खोलीत देवाच्या फोटोखाली खिळ्यावर मनिलाचं एक वेटोळं आहे. होतं. दहा-बारा हात, अगदी कोरं. त्याला त्यांच्या वडिलांनी शिकवलेली गाठ, तीन वेढे आणि टोक उजवीकडून आत. वडीलही गोदीतलेच. ती गाठ चाळीत कोणाला जमत नाही. वेटोळं मागितलं सगळ्यांनी, हंडीला, कपाट उतरवायला, पाळण्याला. दिलं कोणालाच नाही.

आता माझा शहाणपणा ऐका. मी असंच गूगल केलं आणि धावत सांगायला गेले, की काका, मनिला मनिला करता, पण तो दोर मनिला शहरात उगवतच नाही. झाडाचं नाव अबाका, ते केळीच्या घराण्यातलं, उगवतं गावोगावी, फक्त मनिलाच्या बंदरातून बोटीत चढायचं म्हणून नाव शहराचं पडलं. फोटो दाखवला. काकांनी मोबाईल डोळ्याजवळ नेला, लांब नेला.

"म्हणजे नाव भलत्याचंच?"

मला वाटलं खट्टू झाले. कसले! केळीच्या घराण्यातलं एवढंच त्यांनी धरलं. श्रावण होता, चाळीत सत्यनारायणांची रांग. आरती संपते न संपते तोच काका चौरंगाचे केळीचे खांब सोडवून बगलेत मारून चालले. एका घरात तर भटजी अजून बसलेले. गॅलरीत खांब सोलून सोपटं वाळत घातली, चिलटं झाली, आईने झाडू घेऊन भाषण केलं. आठवड्याने काकांनी स्वतःच्या हाताने दोर वळला, बादलीला बांधला आणि म्हणाले, सोड खाली, भाजीवाल्याकडून भाजी घे. मी सोडली. वर ओढताना दोर तुटला, बादली भाजीसकट सेक्रेटरींच्या स्कूटरवर.

मी हसून हसून खाली बसले. आणि म्हणाले, "काका, भिंतीवरचा खरा मनिला काढा ना आता. तो कोणासाठी ठेवलाय?"

काका हसत नव्हते.

मग सांगितलं त्यांनी. त्यांना एक धाकटी बहीण आहे, मनी. मला माहीतच नव्हतं, आणि मी या गॅलरीत रांगलेय. मनीने समोरच्या चाळीतल्या बौद्ध मुलाशी लग्न केलं. वडील गप्प बसले होते. दाराला कडी लावली ती शांतूकाकांनी, आणि घरात तिचं नाव कोणी घ्यायचं नाही असं सांगितलं तेही त्यांनीच. काही वर्षांनी वडील हॉस्पिटलात शेवटचे दिवस मोजत होते. एका दुपारी त्यांनी काकांचं मनगट धरलं आणि म्हणाले, मनीला आण.

काका गेले आणि बाजारातून मनिला घेऊन आले. सगळ्यात चांगला. वडिलांच्या उशाशी ठेवला. वडिलांनी एकदा त्याच्यावर हात ठेवला आणि भिंतीकडे तोंड केलं. संध्याकाळी गेले.

मी म्हणाले, काका, ऐकण्यात चूक झाली, गोदीतल्या माणसाला दोरच ऐकू येणार ना.

"माका बरोबर ऐकू आलेलं," काका म्हणाले. "दोर आणणं सोपं होतं गो."

मग बराच वेळ सोपटाचे तुकडे गोळा करत बसले. म्हणाले, मनी डावरी, बाबांनी दोघांना गाठ शिकवली तर तिची उलटी यायची, टोक डावीकडून. मी चिडवायचो.

गेल्या रविवारी त्यांनी स्वतः वेटोळं खिळ्यावरून काढलं, माझ्या हातात दिलं.

"मनीला दे."

मी म्हणाले, हो, मनिला, पण देऊ कोणाला? आणि मग माझं मलाच कळलं.

पत्ता तोंडपाठ. शीव, बिल्डिंग, मजला, बस कुठली, खाली गेटला नायलॉनची दोरी आहे ती ओलांडून जा. म्हणजे हे तिथपर्यंत गेलेत. किती वेळा, ते मी विचारलं नाही.

काल मी गेले. मनीआत्या बारीकशी, चष्मा, अगदी काकांचं नाक. मी सांगितलं कुठून आले. तिने पाणी दिलं, वेटोळं मांडीवर घेतलं आणि, शप्पथ, हुंगलं. मग गाठीचं टोक एकदाच ओढलं. सुटली.

"बाबांच्या उशाशी ठेवला तो हाच ना? आमच्या आईने सांगितलेलं मला." बोलता बोलता तिने वेटोळं परत गुंडाळलं, हाताकडे न बघता गाठ मारली आणि माझ्या मांडीवर ठेवलं. "एवढ्या वर्षांनी पण दोरच पाठवल्यान. त्याला सांग, माझ्याकडे कपडे वाळत घालायला नायलॉनची दोरी आहे."

घरी आले तर काका जिन्यातच उभे.

"घेतल्यान?"

मी हो म्हणाले. तोंडातून निघूनच गेलं. काय म्हणाली, असं त्यांनी विचारलं, तर मी म्हणाले, हसली.

काका खुर्चीत बसले. "तू विचारायचीस ना, मनिला माणूस कोण? आमची मनी."

तेव्हापासून ते असे हसतायत. आणि दोर माझ्या ऑफिसच्या बॅगेत आहे, ही बघा, पायाशी. आत्ता चेन उघडून पाहिलं. तीन वेढे, आणि टोक डावीकडून. त्यांना ही गाठ दाखवायची तर तिने दोर परत पाठवला हे सांगावं लागणार.

चहा उतू गेला. आई ओरडतेय.

तुमच्या हातून झालंय का कधी असं, की ऐकलं एक आणि पोचवलं दुसरंच? मग काय केलंत तुम्ही?