गुलाबाचा ओव्हरटाइम

नाना कुणाची झोप मोडतील, असं त्यांच्या वैऱ्यानेही म्हटलं नसतं. लाकडी खुर्च्यांचा कारखाना चालवणारा माणूस, पण दुपारी जेवण झालं की आधी स्वतः आडवा होणार आणि तासभर रंधासुद्धा बंद ठेवायला लावणार. अशा माणसावर परदेशातून ठपका आला की, तो आपल्या कर्मचारी बाईला झोपू देत नाही.

"परत वाच," नाना सुनेला म्हणाले. कारखान्याचा पत्रव्यवहार तीच पाहायची.

"'मालक दररोज मध्यरात्री कर्मचाऱ्याला कामाचे आदेश देतात.' असंच लिहिलंय, नाना."

"मी? अगं, मध्यरात्री मला माझं नाव आठवत नाही."

"घोरताना देत असाल," भाजी निवडता निवडता त्यांची बायको म्हणाली.

झालं होतं असं की, नानांच्या बालवाडीच्या छोट्या खुर्च्यांना परदेशातून मागणी येऊ लागली, म्हणून त्यांनी तिकडेच एक बाई नेमल्या. आपलीच भाषा बोलणाऱ्या, लग्न होऊन तिकडे गेलेल्या. यजमान वारले होते, मुलं पांगली होती. महिन्याला पगार पाठवला की आपण सुटलो, असा नानांचा हिशेब. सुनेने त्यांना समजावलं की, माणूस जिथे राहून काम करतो तिथला कायदा लागतो. कर तिकडे कापायचा, विमा तिकडे भरायचा, निवृत्तीचा वाटा, भरपगारी रजा, आजारपणातला पगार, आणि संध्याकाळनंतर कामाचा निरोप नाही म्हणजे नाही. हे सगळं सांभाळायला तिथलीच एक पगार कंपनी नेमावी लागली.

"मी नोकरीला बाई ठेवतोय की घरात जावई आणतोय?" असं म्हणत नानांनी सह्या केल्या होत्या. त्या विम्यावरून तर आठवडाभर कुरकुर चालली होती.

आता राहिलं ते मध्यरात्रीचं कोडं. नाना पहाटे पाचला उठत. उठल्यावर पहिलं काम काय, तर गुलाबाचं एक चित्र आणि त्याखाली सुविचार ओळखीच्या झाडून सगळ्या माणसांना पाठवायचा. भाऊबंद, गिऱ्हाइकं, लाकूडवाला, दातांचा डॉक्टर, कुणी सुटत नसे. यादीत बाईंचा कामाचा फोनही होता. आणि इथे पहाटेचे पाच वाजले की तिकडे मध्यरात्र असते, हे नानांच्या गावीही नव्हतं. त्यात सुविचार तरी कसला, तर 'उठा, कामाला लागा, यश दारात उभं आहे.' कामाच्या फोनवरचे निरोप तपासणाऱ्या पगार कंपनीच्या संगणकाने त्याचं शब्दशः भाषांतर करून ठेवलं होतं.

दुपारी त्या कंपनीचे साहेब पडद्यावर आले. तरुण होते, सभ्य होते, आणि सांत्वनाला आल्यासारखे हळू बोलत होते. सून मधे बसून सांगत होती.

"ते विचारतायत, दारात नेमकं कोण उभं आहे? एकट्या बाईच्या दारात मध्यरात्री माणूस उभा करायची परवानगी घेतली होती का?"

"सुविचार आहे म्हणावं."

"सांगितलं. ते म्हणतात, विचार चांगलाच आहे, पण वेळ ओव्हरटाइमची आहे."

"मग बाईंनाच विचारा ना, झोप मोडली का म्हणून."

सुनेने विचारलं आणि कपाळाला हात लावला. "विचारता येत नाही. इतक्या रात्रींची झोप मोडली म्हणून त्यांना सक्तीची विश्रांती दिलीय. कामाचा फोनही बंद ठेवलाय. बुधवार संपेपर्यंत त्यांच्याशी कामाचं कुणी बोलायचं नाही. आपणही नाही, तेही नाहीत."

नानांचा चेहरा उतरला. खुर्च्यांचा कंटेनर गुरुवारी बंदरात लागणार होता. बाईंनी समोर उभं राहून माल दाखवला नाही, तर गिऱ्हाईक तो परत धाडणार हे ठरलेलं. एवढ्या मंदीत कारागीर दुसरीकडे गेले नव्हते, नानांच्या शब्दावर थांबले होते. माल परत आला असता तर त्यांतल्या निम्म्यांना 'घरी जा' म्हणायची पाळी नानांवर आली असती. पण बुधवार आणि गुरुवार यांच्यात निदान एक रात्र होती, तेवढ्यावर ते जेवले.

जेवले, पण मन खाऊ लागलं. बिचाऱ्या बाईची आपण रोज झोप मोडली. पहाटे पाचला डोळा उघडला तसा त्यांनी फोन घेतला आणि मनापासून लिहिलं, 'बाई, झोपमोड केली, क्षमा असावी.' नुसतं कोरडं कसं पाठवायचं, म्हणून खाली गुलाब जोडला.

सकाळी कंपनीच्या संगणकाचा निरोप हजर. विश्रांती एक दिवसाने वाढवली होती.

"गुरुवार गेला," सून म्हणाली. तिने सासऱ्यांचा फोन काढून घेतला आणि कपाटात ठेवून किल्ली कमरेला खोचली. नाना खाटेवर बसून राहिले. बाहेर रंध्याचा आवाज येत होता आणि तो त्यांना ऐकवत नव्हता.

बायकोने हात पुसले. "सूनबाई, कंपनीच्या कागदात माझं नाव कुठे आहे?"

"कुठेच नाही, आई."

"मला पगार?"

"नाही."

"मग मी बाईंच्या घरच्या फोनवर ख्यालीखुशाली विचारली, तर कुणाचा नियम मोडतो?"

सुनेने बराच विचार केला. "कुणाचाच नाही."

"बघा," बायको नानांना म्हणाली, "इतकी वर्षं फुकट राबले, त्याचा आज पहिल्यांदा उपयोग झाला."

तिकडचा दिवस वर आल्यावर तिने फोन लावला. नाना शेजारी तोंडावर हात ठेवून उभे होते.

"वहिनी, बरं झालं फोन केलात," बाई म्हणाल्या. "फोन काढून घेतला आणि विश्रांती घ्या म्हणाले. कशाची ते सांगेनात. नाना बरे आहेत ना? फूल दिसलं नाही की चुकल्यासारखं होतं."

"त्या फुलानेच तुमची झोप मोडते म्हणे."

"माझी? मी फोन स्वयंपाकघरात ठेवून झोपते. सकाळी चहाचं आधण ठेवलं की फूल बघते. हे गेल्यापासून सकाळी माझ्याशी बोलणारं तेवढंच आहे, वहिनी. आणि मागे आजारी पडले तेव्हा घरी बसून पगार आला. तेव्हाच म्हटलं, आपले मालक म्हणजे देवमाणूस."

बायकोने देवमाणसाकडे पाहिलं. देवमाणूस भिंतीकडे तोंड करून डोळे पुसत होता.

कंटेनरचं बायको एका शब्दाने बोलली नाही. बाईच म्हणाल्या, "मी आत्ता त्यांच्या ऑफिसात जाऊन सांगते की माझी काही तक्रार नाही. विश्रांतीत माणसाने फिरायला कुठे जावं, याचा नियम त्यांच्याकडे नाही."

सभ्य साहेबांनी बाईंचं म्हणणं ऐकलं, विश्रांती उठवली आणि फोन परत दिला. गुरुवारी माल उतरला, गिऱ्हाइकाला पसंत पडला. बाईंनी फोटो पाठवला, बालवाडीच्या खुर्चीत बसलेल्या, गुडघे हनुवटीला टेकलेले. सुनेने कपाटातला फोन परत दिला आणि नानांनी तो फोटो प्रत्येक कारागिराला हाताला धरून दाखवला. पगार कंपनीला त्यांनी आभाराचं पत्र लिहायला लावलं, विम्याबद्दल तर दोनदा आभार. सुनेने घड्याळ बघूनच ते पाठवलं. शुभेच्छा यापुढे फक्त तिकडचं ऑफिस उघडल्यावर, एवढी एकच अट साहेबांनी घातली.

दुसऱ्या दिवशी नाना जेवून आडवे झाले. रंधा थांबला. डोळा लागतो न लागतो तोच उशाशी फोन वाजला. तिकडचं ऑफिस उघडलं होतं. पडद्यावर बाईंनी पाठवलेला टपोरा गुलाब होता आणि खाली लिहिलं होतं, 'उठा, कामाला लागा, यश दारात उभं आहे.'

"सूनबाई," नाना उशीवरूनच म्हणाले, "मालकाच्या झोपेसाठी काही नियम आहे का गं?"

"नाही, नाना."

नानांनी चष्मा लावला, गुलाब पुन्हा एकदा नीट पाहिला आणि बाईंना हात जोडल्याचं चित्र पाठवलं. झोप तर उडालीच होती. ते बाहेर आले, तर कारागीर भुशाच्या पोत्यांना टेकून डुलक्या घेत होते. नाना चोरपावलांनी त्यांच्या मधून गेले, पायरीवर बसले आणि आवाज न करता एक छोटी खुर्ची पॉलिशपेपरने घासू लागले.