तपासणी तिसऱ्या मजल्यावर

"या वेळी मी काही म्हणता काही करणार नाही!" दुर्बीणरावांनी सकाळीच जाहीर केलं. "बसणार नाही, उठणार नाही, वाकणार नाही. विचारतील तेवढंच बोलेन, आणि तेही निम्मं. बघतोच मला कसे पकडतात!"

"पकडायला तुम्ही केलंय काय?" त्यांच्या शर्टाच्या कॉलरवरून इस्त्री फिरवत बायकोने विचारलं.

"काही केलेलं नाही, म्हणूनच भीती! ज्यांनी केलेलं असतं ते तयारीत असतात."

दुर्बीणराव हे काही आईवडिलांनी ठेवलेलं नाव नव्हे. गल्लीत नवं कुत्रं दिसलं तरी "याला इकडे कुणी पाठवलं?" असा प्रश्न ज्या माणसाला पडतो, त्याला गल्ली दुसरं काय म्हणणार? धंद्याने ते रंगारी. इमारतीला रंग देताना परांचीवरून पडले आणि उजवा खुबा कायमचा रुसून बसला. तेव्हापासून सरकारी भत्ता सुरू झाला आणि त्या भत्त्याच्या मागोमाग तपासणी.

मागच्या तपासणीला एका गोड बोलणाऱ्या बाईंनी विचारलं होतं, "मग दिवसभर काय करता?" दुर्बीणराव भोळेपणाने म्हणाले, "काय करणार? पेपर वाचत बसतो." झालं! 'बराच वेळ बसू शकतात' असा शेरा पडला आणि भत्ता बंद! खेटे घालून घालून तो पुन्हा सुरू होईपर्यंत बायकोने लाँड्रीत दिवसपाळीला रात्रपाळी जोडली. त्या काळात ती घास हातात धरून ताटावरच झोपायची. ते पाहिल्यापासून दुर्बीणरावांनी ठरवून टाकलं की जगात सरळ प्रश्न नसतोच.

आणि खुब्याची तर खरी अडचण अशी की तो धड 'हो'मध्ये बसत नव्हता, धड 'नाही'मध्ये. जिना चढता येतो का? येतो. पण चढल्यावर खुबा जो कुलूप लावून बसतो, तो त्याची मर्जी होईल तेव्हा सोडतो. हे कुठल्या रकान्यात लिहायचं?

"आहे तसं सांगा," बायको म्हणाली.

"आहे तसं सांगितलं म्हणून तर तू रात्रपाळी केलीस!"

बायकोने इस्त्री बाजूला ठेवून शर्ट त्यांच्या हातात दिला. म्हणाली, "बरं, मग निदान श्वास तरी नीट घ्या. काल रात्री भात्यासारख्या धापा टाकत होता. लाँड्रीतल्या ताईंनी शिकवलाय तो प्रकार करा. नाकाने आत घ्यायचा, अन् गरम दुधावर फुंकर घालतो तसा हळूच सोडायचा."

"या ताईंना माझ्या श्वासाशी काय देणंघेणं?" दुर्बीणरावांनी विचारलं. पण फुंकर घातली.

कार्यालय तिसऱ्या मजल्यावर. इमारत जुनी, लिफ्ट जाळीची, आणि लिफ्टला वेढे घालत वर जाणारा जिना. लिफ्टच्या दारावर पाटी लटकत होती: 'लिफ्ट बंद आहे. कृपया जिना वापरावा.'

दुर्बीणराव ती पाटी वाचून असे हसले की वॉचमन दचकला.

"आलं लक्षात!"

"काय?" बायको म्हणाली.

"अगं, ज्यांना चालता येत नाही त्यांची तपासणी तिसऱ्या मजल्यावर, आणि नेमकी आजच लिफ्ट बंद! चढलास तर धडधाकट, भत्ता बंद. नाही चढलास तर गैरहजर, भत्ता बंद! काय डोकं लावलंय!"

खालच्या बाकावर दोघं आधीच बसलेले होते. एक रिटायर कंडक्टरबाई, गुडघे गेलेल्या पण आवाज शाबूत. दुसरा बेकरीवाला, मैदा हुंगून हुंगून छाती भरलेला. दोघंही जिन्याकडे अशा नजरेने पाहत होते, जशी लहान मुलं इंजेक्शनकडे पाहतात.

"मी म्हणत होते, सावकाश चढावं," कंडक्टरबाई म्हणाल्या.

"खबरदार!" दुर्बीणराव कुजबुजले. "वरती बघा. कॅमेरा!"

तिघांनी माना वर केल्या. छतावर एक गोल पांढरी डबी लाल डोळा मिचकावत होती. बेकरीवाल्याने ताबडतोब खोकून दाखवलं.

"ती धूर झाला की वाजते," वॉचमन म्हणाला.

"तुला तसं सांगितलं असेल!"

आता संशय ही चीज खोकल्यासारखी असते. एकाला आला की खोलीभर होतो. पाच मिनिटांत कंडक्टरबाई वॉचमनकडेही तिरप्या डोळ्यांनी बघायला लागल्या आणि बेकरीवाल्याने पाण्याची बाटली स्वतः उघडायचं सोडून दुर्बीणरावांच्या बायकोपुढे धरली. "वहिनी, तुम्हीच उघडा. मनगटंही तपासत असतील."

तेवढ्यात लिफ्टच्या बोगद्यातून घंटी वाजली. मग आवाज आला. "अरे कुणी आहे का? मी अडकलोय!"

खालून पाहिलं तर अर्ध्या मजल्यावर लिफ्टचं काळं पोट दिसत होतं. "साहेब आहेत आत," वॉचमन म्हणाला. "तपासणीचे साहेब. सकाळी वर जाताना अडकले. मेकॅनिकला फोन केलाय."

"साहेब!" दुर्बीणरावांनी डोळे बारीक केले. "म्हणजे जो आपल्याला तपासणार, तोच नेमका अडकणार? रेकॉर्ड लावलीय हो! कोण धावत वर जातो ते बघायला."

"अडकलोय हो!" वरून आवाज आला.

"बघा, तेच तेच वाक्य!" दुर्बीणराव म्हणाले. कंडक्टरबाईंनी मान डोलावली.

पुढच्याच क्षणी हत्यारांची पिशवी खांद्याला लावून मेकॅनिक आत शिरला. दुर्बीणरावांनी त्याला दारातच अडवलं.

"हात दाखव."

"काय?"

"हात रे! वीस वर्षं रंगकाम केलं मी, अजून नखातला रंग गेला नाही. आणि तुझ्या हाताला ग्रीसचा एक डाग नाही? मेकॅनिक आहेस की तपासणीस?"

"काका, हातमोजे घालतो मी!"

"हातमोजे!" कंडक्टरबाई कडाडल्या. "आणि पिशवीसुद्धा नवीकोरी! तिकीट दाखव... नाही, ओळखपत्र दाखव!"

"ते बाइकच्या डिकीत आहे."

"डिकीत असतं म्हणे!" बेकरीवाल्याने खोकत खोकत साथ दिली.

मेकॅनिक तरुण होता, गरम डोक्याचा होता, आणि सकाळपासून त्याने चहा घेतलेला नव्हता. "तुमची लिफ्ट तुम्हीच काढा!" असं म्हणून तो पिशवी उचलून तरातरा बाहेर निघून गेला. वॉचमनने कपाळाला हात लावला.

"पळाला!" दुर्बीणराव विजयाने म्हणाले. "बिंग उघडं पडल्यावर थांबतोय कशाला?"

आणि मग वरचा आवाज बदलला. त्यात शब्दच उरले नाहीत. नुसती धाप, तुटक तुटक, भात्यासारखी. मध्येच कुणीतरी जाळी थडाथडा हलवली.

बायको दुर्बीणरावांकडे वळली. "अहो, ही काही रेकॉर्ड नाही. काल रात्री तुम्ही अश्शाच धापा टाकत होता. रेकॉर्ड करायला तुमच्या उशाशी कुणी बसलं होतं का?"

दुर्बीणराव क्षणभर त्याही शक्यतेचा विचार करत असावेत. पण धाप त्यांच्या ओळखीची होती.

"तू त्या पोराला गाठ," ते म्हणाले. "चहाच्या टपरीवर असेल. माफी माग माझ्यातर्फे. पण ओळखपत्र बघूनच आण!"

बायको धावली. आणि दुर्बीणराव, ज्यांनी काही म्हणता काही करायचं नाही असं ठरवलं होतं, ते कठड्याला धरून जिना चढू लागले.

"अहो, कॅमेरा!" खालून बेकरीवाला ओरडला.

"बघू दे!"

जिन्याच्या वळणावर जाळीतून साहेबांचे बूट, पँटच्या घड्या आणि खाली बसलेले साहेब एवढं सगळं एकदम दिसलं. चेहरा चुन्यासारखा पांढरा. दुर्बीणराव पायरीवर टेकले.

"साहेब, नाकाने श्वास आत घ्या. आता गरम दुधावर फुंकर घाला."

"दूध... कुठाय?"

"नाही हो, समजा! समजून घाला. हळू. साय हलता कामा नये."

साहेबांनी फुंकर घातली. परत घेतला, परत घातली. जरा रंग आला तसे त्यांचे डोळे बारीक झाले. "तुम्ही कोण?"

"तुमच्या यादीतला आहे. आज तपासणी आहे माझी."

"मग ही मदत... कशासाठी? हे बघा, मी काही घेत नाही!"

"साहेब, श्वास तुमचाच आहे! मी कुठे घरून आणलाय?"

दोन संशयी माणसं जाळीच्या दोन बाजूंनी एकमेकांकडे बघत राहिली आणि दोघं मिळून नसलेल्या दुधावर फुंकर घालत राहिली.

"मी सगळं ऐकलंय बरं का," साहेब मध्येच म्हणाले. "रेकॉर्ड काय, हातमोजे काय!"

दुर्बीणरावांचीच साय हलली.

शेवटी बायको मेकॅनिकला घेऊन आली. ओळखपत्र तिने त्याच्या गळ्यात घालूनच आणलं होतं. थोडी खाटखुट झाली, लिफ्ट कण्हत पहिल्या मजल्याला लागली, साहेब बाहेर पडले आणि जिन्याने खाली येता येता वळणावर थांबले. दुर्बीणराव अजून तिथेच बसलेले होते.

"उठा की आता."

"तेच करतोय, साहेब." दुर्बीणरावांच्या कपाळावर घाम आला होता. "खुब्याने कुलूप लावलंय."

"पण चढलात तर चांगले!"

"चढलो. उतरता येत नाहीये." आणि इतक्या दिवसांची निम्मं बोलण्याची तयारी विसरून ते सगळंच बोलून गेले. "हे असं आहे बघा. हो म्हणालो तर खोटं, नाही म्हणालो तरी खोटं. आणि मागच्या वेळी आहे तसं सांगितलं, तर खाली उभी आहे ना, तिला रात्रपाळी करावी लागली."

साहेबांचेही पाय अजून लटपटत होते. ते शेजारी टेकले. "मग उतरायचं कसं?"

"बसून. सरकत सरकत."

आणि खाली उभ्या असलेल्या सगळ्यांनी पाहिलं: इस्त्रीच्या पँटमधले साहेब आणि इस्त्रीच्या शर्टातले दुर्बीणराव शेजारी शेजारी पायरीमागून पायरी बुडावर उतरत होते, आणि तपासणी चालू होती.

"बूट घालता येतो?" एक पायरी.

"डावा मी, उजवा बायको." आणखी एक.

"दुखतं कधी?"

"हे काय, आत्ता!" धप्प.

"दिसतंय मला." धप्प. "ताणतणाव?"

"आहे की!"

"कशाचा?"

"तुमच्या तपासणीचा!"

"मग तपासणी झाली की," साहेब शेवटच्या पायरीवर टेकून धूळ झटकत म्हणाले. "तणाव संपला असं लिहितो. भत्ता चालू राहील, दोन वर्षं. आणि तुमच्या फाइलीतलं 'बराच वेळ बसू शकतात' हे मी स्वतः खोडतो. आता कोण? कंडक्टरबाई? नको नको, उठू नका! मीच येतो बाकावर. हे टेबल इथेच लावा रे!"

बायकोने पदराने डोळे टिपले. दुर्बीणरावांनी मात्र साहेबांकडे मान वाकडी करून पाहिलं.

बसमध्ये चढल्यावरही त्यांचा चेहरा तसाच. "अगं, इतकं सहज? दोन वर्षं? म्हणजे दोन वर्षं नजर ठेवणार! मला तर वाटतं, लिफ्ट मुद्दामच अडकवली, मला चढवायला."

"आणि साहेब स्वतः आत जाऊन बसले?"

"तोच तर डाव!"

इतक्यात पुढच्या सीटवरचा एक चष्मेवाला तरुण उठला आणि अदबीने म्हणाला, "काका, बसा ना."

दुर्बीणरावांनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं. "का? मी बसेन असं तुला कुणी सांगितलं? 'बराच वेळ बसू शकतात', हेच ना? ओळखलं मी तुला! मी बसणार नाही!"

तरुण घाबरून मागच्या दाराशी गेला. बायको शांतपणे त्या सीटवर बसली, हातातली पिशवी मांडीवर घेतली, खिडकी उघडली. बस धक्के खात निघाली. दुर्बीणराव दांडीला लोंबकळत, दात ओठ खात, ताठ उभे.

दोन स्टॉप गेल्यावर बायको खिडकीबाहेर बघतच म्हणाली, "अहो, तुम्ही बराच वेळ उभे राहू शकता, हे आता अख्ख्या बसने पाहिलं हं."

दुर्बीणराव धपकन बसले. पिशवीवर.

पिशवीत, साहेब पास करोत न करोत, रात्री आमलेट करायचंच म्हणून बायकोने आणलेली, डझनभर अंडी होती.