कुठेच न जाणारी वाट

ही बाग खऱ्या अर्थाने सगळ्यांची होणार, असं नगररचनाकारांनी घरीदारी इतकं सांगितलं होतं की बायको विषय निघताच स्वयंपाकघरात जाई. चाकाच्या खुर्चीला उतार, म्हाताऱ्यांना कठडे आणि दृष्टिहीनांसाठी फाटकापासून बाकांपर्यंत उठावाच्या रेघांच्या पिवळ्या फरश्या, म्हणजे पायांनाच वाट कळावी. दहाला मुख्य अभियंते पाहणीला येणार होते. त्यांची सही झाली तर बाग खुली, नाही तर स्वारीची बदली.

पावणेदहाला ते बागेत शिरले. फाटकापाशी पिवळी फरशी औषधालाही नव्हती. हिरवळीवर मात्र तिचं भलंमोठं वर्तुळ होतं.

"हे काय केलंत?"

"नकाशात होतं तेच," म्हणत ठेकेदाराने नकाशा उलगडला. खरंच होतं. नगररचनाकारांनीच टेकवलेल्या चहाच्या कपाचा गोल डाग होता तो.

"आणि फाटकाची वाट?"

"ती पेन्सिलीत होती, फिकट. हे कसं ठळक होतं."

उखडायला वेळ नव्हता. शिवाय त्यावर कोणीतरी चालत होतं. दृष्टी गेलेले गायनमास्तर उघड्या फाटकातून आत शिरून, बायकोला बाकावर बसवून, काठी काखेत मारून, अनवाणी झपाझप निघाले होते.

नगररचनाकार धावले. "मास्तर, थांबा. चूक झालीय. ही वाट कुठेच जात नाही."

"तेच तर," मास्तर न थांबता म्हणाले. "मला सगळ्या वाटा दवाखान्यात नेतात, नाही तर बँकेत. नुसतं हिंडायला कोणी वाट केली नव्हती. वीस वर्षांनी भरभर चालतोय."

जन्मभर नगररचनाकारांनी माणसं पोचवली होती. माणसाला हिंडायचंही असतं हे कधी सुचलंच नव्हतं. त्यांनी बूट काढले, डोळे मिटले आणि मास्तरांच्या मागे निघाले. तळव्यांना रेघ लागत होती, अंगावर काटा येत होता. तिसऱ्या फेरीत ते कोणावर तरी धडकले. डोळे उघडून बघतात तो मुख्य अभियंते!

"काय चाललंय हे?"

तेवढ्यात फेरी मारून मास्तर मागून आले. "वाटेत उभे राहू नका हो, माणसं चालतायत."

साहेब मुकाट्याने बाजूला झाले. दोन फेऱ्या त्यांनी नुसत्या पाहिल्या, मग पेन काढलं. "कोणाची कल्पना?"

"झाली आपोआप, साहेब." आयुष्यात पहिल्यांदा नगररचनाकारांनी बढाई गिळली.

साहेबांनी सही केली. मास्तर घाम पुसत थांबले. "मजा आली. आता फाटक कुठंशी आलं?"

"ते काय, समोरच," म्हणत नगररचनाकारांनी अगत्याने बोट दाखवलं.