साहेबांच्या लॉनवर कोंबड्या

"साहेब, तुम्ही हे गवत कधी उपटून पाह्यलं काय जी?"

आचलने खरंच विचारलं. फाटकाबाहेर तिच्या मैत्रिणी मोनाली आणि दिव्या सायकली धरून उभ्या होत्या. "विचारून दाखव, मंग तुले मानलं," ही पैज त्यांचीच. दहावीत गेल्यापासून आचलला भीती म्हणून कोणाची वाटत नव्हती.

आलापल्लीकडच्या त्या विश्रामगृहाचं लॉन जागोजाग पिवळं पडलं होतं. तिथल्या साहेबांचं निदान पक्कं होतं: माळी पाणी देत नाही. माळी म्हणजे आचलचे बाबा, शालिकराम. ते दिवसातून तीनदा पाणी मारत, तरी सोमवारपर्यंत लॉन सुधारलं नाही तर दुसरा माळी येणार होता.

"गवत उपटायचं नसतं, बाळ," साहेब म्हणाले.

आचलने वाकून मूठभर ओढलं, तर चटईसारखा वीतभर तुकडा हातात आला. मुळं नव्हतीच. खाली पांढऱ्या, गुबगुबीत अळ्या, म्हणजे हुमण्या, अंग मुडपून निवांत पडल्या होत्या.

"पाण्याचं काई नाई जी. ह्या मुळं खाऊन राह्यल्या."

साहेब दोन पावलं मागे सरले आणि फोन आला म्हणत आत गेले. फोन वाजलेला कोणी ऐकला नाही.

रविवारी साहेब चंद्रपूरला गेले. आचलने बाबांना पिवळे पट्टे उकरायला लावले आणि हुमण्या टिपायला घरच्या अकरा कोंबड्या सोडल्या. अकरा पुरेनात, म्हणून तिची आई रंभा शेजारच्या सुकलूकाकांकडे गेली. काका दोन कोंबडे बगलेत मारून निघाले आणि तिथेच घात झाला. रविवारी बगलेत कोंबडा घेऊन निघालेला माणूस त्या भागात एकाच कामाला जातो: कोंबडबाजाराला, म्हणजे झुंजीला.

"कुठी भरला बाजार?" रस्त्यात गावातल्या लटारूने विचारलं.

"बाजार कायचा, साहेबाच्या लॉनवर चाललो," काका खरं तेच बोलले.

दुपारपर्यंत लॉनवर चाळीस कोंबडे, शंभर माणसं, एक भजीवाला आणि मधोमध झुंजीचं रिंगण. "यंदा सरकारी झुंज हाय म्हंते," लोक एकमेकांना सांगत होते. तेवढ्यात साहेबांची गाडी आत शिरली.

साहेबांनी शालिकरामांना जागेवरच हुकूम सोडला. 'झुंज मी भरवली, माफी असावी' असं लिहून सकाळी सही करा, नाहीतर काम बंद.

संध्याकाळी घरी शालिकराम कोऱ्या कागदासमोर बसले होते, रंभा शेजारी. साहेबांचा ड्रायव्हर इसरू दारात आला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "भाऊ, साहेबाच्या बंगल्यातलं लॉन बी तसंच उखडून राह्यलं. उद्या कोंबड्या पाठवा म्हंते. मागच्या दारानं."

शालिकराम लगबगीने कोंबड्यांची टोपली आणायला उठले. आचल त्या टोपलीवरच बसली.

"ऊठ व पोरी. काम जाईन माह्यं."

"नाई जात. बाबा, माय, आयका दोघंबी. कोंबड्या मी सोता नेईन, समोरच्या फाटकानं. साहेबानं 'लॉन हुमण्यांनी खाल्लं, माळ्याचा दोष नाई' असं लिहून देल्ल्यावर. तोवर एक बी कोंबडी उंबऱ्याभाईर पाय टाकनार नाई."