ओल्या पुठ्ठ्याचा रंग

दाऊदभाई बुरोंडकरांनी पहिल्याच भेटीत मला सांगितलं, की माझा आवाज ओल्या पुठ्ठ्याच्या रंगाचा आहे.

मी त्याच सकाळी बोटीतून दुबईला उतरलो होतो. एका हातात ट्रंक, दुसऱ्या हातात पदवीची गुंडाळी. कंपनीच्या आवारात पत्र्याची एक शेड होती, तिच्या दारात लुंगी नेसलेले एक गृहस्थ काठीने रंगाचा डबा ढवळत बसले होते. मी अदबीनं म्हणालो, "नमस्कार. मी नवा टाइमकीपर. बी.ए. आहे."

त्यांनी डोळे मिटले. "अजून बोल."

"काय बोलू?"

"पुरे. ओला पुठ्ठा." डोळे उघडून त्यांनी माझ्याकडे जरा दयेनं पाहिलं. "वाईट वाटून घेऊ नकोस, बीए. मोठ्या साहेबांचा आवाज शेवाळी आहे. त्यापेक्षा पुठ्ठा बरा."

मला वाईट वाटायचं कारण होतं. आमच्या घराण्यात माझ्याआधी सातवीच्या पुढे कुणी गेलं नव्हतं. वडील तालुक्याच्या शाळेत शिपाई. हेडमास्तरांनी माझी फी माफ केली, स्वतःचा कोट उसना देऊन मला मुलाखतीला धाडलं, त्यांचे उपकार मी आजही विसरलेलो नाही. आणि याच आवाजावर मी वक्तृत्वाची ढाल शाळेला सलग तीन वर्षं मिळवून दिली होती. तीन वर्षं परीक्षकांपैकी एकालाही त्यात पुठ्ठा दिसला नव्हता. त्या दिवसापासून मी दाऊदभाईंसाठी 'बीए' झालो. माझं खरं नाव त्यांनी अखेरपर्यंत विचारलं नाही.

तेव्हा साठचं दशक निम्मं सरलं होतं. आजच्या मुलांना दुबई म्हटली की काचेचे मनोरे दिसतात. मला खाडी दिसते, खाडीकाठच्या, खजुरीच्या झापांच्या झोपड्या दिसतात आणि आमच्या आवारातला जनरेटर ऐकू येतो. आमची कंपनी साहेबलोकांसाठी बंगले बांधत असे. साहेबलोकांना घाम यायचा, म्हणून बंगले. आम्हालाही यायचा, पण आमचा घाम अनुभवी होता.

दाऊदभाई दापोलीकडचे. पंचवीस वर्षं जहाजांवर रंगारी होते, मग कंपनीच्या रंगांच्या स्टोअरचे राजे झाले. राजे म्हणतो, कारण तिथे दुसऱ्या कुणाचा कायदा चालत नसे. डब्यांवर छापलेले नंबर त्यांनी पुसून टाकले होते. त्या जागी वाकड्यातिकड्या मराठीत चिठ्ठ्या डकवल्या होत्या: 'अब्रा, सकाळची'. 'जनरेटर बंद होताना'. 'लोखंडी पलंग ओढला'. 'साहेब शिंकले'. अब्रा म्हणजे खाडी ओलांडणारी होडी. सकाळच्या आणि दुपारच्या अब्रांचे डबे वेगळे होते, कारण उन्हात इंजिनाचा रंग उतरतो म्हणे.

त्यांना प्रत्येक आवाजाला रंग दिसायचा. दिसायचा म्हणजे तुम्हाआम्हाला भिंत दिसते तसा. 'असं वाटतं', 'भास होतो' असली नम्र भाषा त्यांच्याकडे नव्हती. पुढे बऱ्याच वर्षांनी एका मासिकात वाचलं, की जगात अशी माणसं असतात आणि डॉक्टरांनी या प्रकाराला लांबलचक नावही दिलं आहे. तेव्हा मात्र मी माझ्या पदवीला स्मरून ठरवून टाकलं होतं, की हा उन्हाचा परिणाम आहे.

पंचाईत एकच होती. त्यांची पद्धत कधी चुकत नसे. बांधकामाचे इंजिनिअर कीगन साहेब यायचे आणि म्हणायचे, "न्हाणीघराला फिकट हिरवा पाहिजे, पण थंड वाटणारा." दाऊदभाई क्षणभर डोळे मिटून 'जनरेटर बंद होताना' पुढे करायचे. साहेब झाकण उघडायचे आणि डबा उचलून चालू लागायचे. तोच हवा असायचा.

रोज संध्याकाळी काम सुटलं की दाऊदभाई मला स्टोअरसमोर एका पालथ्या पिंपावर बसवायचे आणि मराठी पेपर वाचायला लावायचे. पेपर बोटीनं यायचा, तीन-तीन आठवडे शिळा. मी सवयीनं आवाज चढवून, जागोजागी थांबून वाचायचो. अग्रलेखाला तर माझा हात आपोआप वर जायचा.

"भाव घालू नकोस, बीए. सपाट वाच."

"दाऊदभाई, हा अग्रलेख आहे."

"असेल. सपाट वाच."

मग मी सपाट वाचायचो आणि ते डोळे मिटून बसायचे. बातमी संपली, पान उलटलं, जाहिराती लागल्या, तरी हूं की चूं नाही. ते झोपतात अशी माझी खात्री होती. तरीही मी वाचत राहिलो. हेडमास्तर म्हणायचे, शिकलेल्या माणसानं चार लोकांना उजेड द्यावा. मी दाऊदभाईंना उजेड देत होतो. इतका, की एकदा पाव पान नोकरीच्या जाहिराती दिल्या.

असा उजेड सुरू असताना एका संध्याकाळी कीगन साहेबांच्या बाई स्टोअरवर आल्या. कीगन जोडपं आयर्लंडचं. चुकून कुणी त्यांना इंग्रज म्हटलं की साहेबांचे कान लाल व्हायचे. दाऊदभाई त्या लालीसाठी म्हणून मुद्दाम दोनदा चुकले होते.

बाई म्हणाल्या, "मला एक दार हवंय."

"कुठल्या खोलीला?" हजेरीबरोबर स्टोअरची वहीही माझ्याकडेच असे; ती मी उघडली.

"खोलीला नाही. नाचायला."

मी शिकलेला माणूस. गोंधळलो तरी चेहऱ्यावर दाखवत नाही. बाईंनी समजावलं. त्यांच्या गावाकडे घरातली जमीन मातीची किंवा दगडाची. नाचायचं असलं की लोक घराचं दार बिजागऱ्यांवरून काढायचे, अंगणात आडवं टाकायचे आणि त्यावर नाचायचे, म्हणजे पायांचा आवाज उठतो. इथे बंगल्यात सिमेंट. दोन्ही मुलींना नाच शिकवायचा, तर सिमेंट बोलतच नाही.

मी हे भाषांतर करून सांगितलं. मला वाटलं, दाऊदभाई हसतील. ते उठले. शेडमध्ये मलबारहून आलेली सागवानी दारं रांगेनं उभी होती. त्यांनी एकेका दारावर बोटांनी टकटक केली. "हे आंबलेलं. हे घाबरलेलं. हे... खलास, याच्यात काही नाही." अकराव्या दारापाशी थांबले, पुन्हा वाजवलं आणि म्हणाले, "यल्ला, चला, हे घेऊन जा." मी वहीत 'दार, एक' लिहिलं आणि कारणाच्या रकान्यात 'नृत्य'. त्या वहीतली ती एकमेव सुसंस्कृत नोंद.

पुढच्या गुरुवारी दार पोहोचतं करायला म्हणून आम्ही गेलो आणि नाच बघायला थांबलो. शुक्रवारी सुट्टी, त्यामुळे गुरुवारची संध्याकाळ सगळ्यांचीच ऐसपैस असायची. साहेब पत्र्याची बासरी घेऊन बसले. बाईंनी कडक टाचांचे बूट घातले आणि दारावर चढल्या.

असा नाच मी पाहिला नव्हता. कमरेच्या वर बाई शाळेच्या प्रार्थनेला उभ्या असाव्यात तशा ताठ. हात खाली, नजर समोर, चेहऱ्यावर काही नाही. आणि कमरेखाली पाय मात्र जप्तीची नोटीस आल्यासारखे सैरावैरा. वरच्या बाईंना खालच्या बाईंची खबरच नव्हती. दार नुसतं तडतडत होतं.

दाऊदभाई कुंपणाशी उकिडवे बसून कानोसा घेत होते. "बासरी पालीच्या शेपटीची," ते पुटपुटले. "पाय चांगले. पिवळे. आता निळ्यात चालले." पहिला नाच झाला, दुसरा झाला, तिसरा झाला. चौथा जरा सावकाश होता. एक ठोका लांब, एक आखूड, लांब, आखूड. दाऊदभाई बोलायचे थांबले. मी पाहिलं तर ते उभे राहिले होते, आणि हातातला चहा लुंगीवर सांडत होता. नाच संपायच्या आत ते निघून गेले. मी साहेबांची माफी मागितली. आपल्या देशाची अब्रू सांभाळायची जबाबदारी तेव्हा माझ्यावर होती.

दुसऱ्या दिवशी सुट्टी असूनही ते स्टोअरमध्ये होते. समोर सात डबे उघडे. "त्या चौथ्या नाचाचा रंग मला बनवायचाय," म्हणाले. "डब्यात पाहिजे."

"कशाला?"

"पाहिजे."

"मग बनवा की. नाच कुठे पळून जातोय?"

पण नाच पळून जाणार होता. कीगन साहेबांची मुदत संपत आली होती. सहा आठवड्यांनी ते सगळे मायदेशी जाणार होते. म्हणजे सहा गुरुवार. दाऊदभाईंनी मला ओढतच बाईंपुढे नेलं. "सांग त्यांना, तुमच्या पायांत रंग आहे, मला दर गुरुवारी येऊ द्या."

मी इंग्रजी घेऊन बी.ए. झालो आहे. मी सांगितलं, "मॅडम, यांना आपले पाय रंगीत वाटतात."

साहेबांनी बासरी ओठांपासून खाली घेतली. ती ज्या पद्धतीनं धरली होती, त्यावरून ती वाजवण्याखेरीज इतर कामीही येत असावी. मी घाईघाईनं आवाज, रंग, डबे, साहेबांची शिंक असं सगळं सांगून टाकलं. बाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "माझ्या मावशीला आठवड्याचे वार रंगीत दिसायचे. मंगळवार तपकिरी. आम्ही समजायचो, ती पिते." मग दाऊदभाईंकडे वळून हिंदीत, "आप आओ. हर गुरुवार."

ते गेले. दर गुरुवारी डबे घेऊन कुंपणाशी बसायचे, चौथा नाच लागला की मिसळायला घ्यायचे, काठी बुडवून उजेडात धरायचे आणि मान हलवायचे. "जवळ आला, पण मेला." पाच गुरुवार असे गेले. इकडे मोठ्या साहेबांच्या बंगल्याची बैठक अर्धी रंगून राहिली, कारण तिचा तपकिरी आणि तिचा पांढरा दाऊदभाईंच्या डब्यात मरत होता. मोठ्या साहेबांनी निरोप धाडला, की शनिवारी ते स्वतः स्टोअर तपासतील आणि माल कमी निघाला तर दाऊदभाईंना पुढच्या बोटीत बसवतील. मी निरोप वाचून दाखवला. दाऊदभाई म्हणाले, "शेवाळ." तेवढंच.

शेवटच्या गुरुवारी बंगल्यात ट्रंका बांधून ठेवल्या होत्या. दार तेवढं अंगणात होतं. बाईंनी बाकीचे नाच केलेच नाहीत, थेट चौथा घेतला. तो संपला, दाऊदभाईंनी मान हलवली. बाईंनी घाम पुसला आणि पुन्हा सुरुवात केली. पुन्हा नाही. तिसऱ्यांदा साहेबांचा श्वास पुरेना, त्यांनी बासरी सोडली. आता नुसते पाय. लांब, आखूड, लांब, आखूड. दाऊदभाईंनी एका डब्यातून चमच्याच्या टोकावर काहीतरी तांबूस उचललं, मिसळलं, आणि हात वर केला.

बाई थांबल्या. दाऊदभाईंनी दाराच्या कडेला तळहाताएवढा पट्टा ओढला.

मी वाकून पाहिलं. सहा आठवडे, सात डबे, एका माणसाची नोकरी पणाला, आणि समोर जे होतं ते सरळ सरळ ओला पुठ्ठा होतं. अगदी नीट पाहिलं तर आत मेंदी उतरल्यासारखी तांबूस झाक होती.

"दाऊदभाई," मी म्हणालो, "हा तर माझा रंग."

"तू अस्तर आहेस," ते म्हणाले. अस्तर म्हणजे वरचा रंग देण्याआधी मारतात तो पहिला हात. "वरची मेंदी तुझ्याकडे नाही. ती यांच्या पायांत आहे."

मग तिथेच कुंपणाला टेकून, माझ्याकडे न बघता, त्यांनी सांगितलं. गावच्या घराच्या माडीला फळ्यांची जमीन होती. झुलेखाचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा, डावा पाय जन्मापासून आखूड. त्यांनी तिला स्वतःच्या हातानं खडावा कोरून दिल्या होत्या, डावी खडाव दोन बोटं जाड. तरी ठेका राहायचाच. एक पाऊल लांब, एक आखूड. ते खाली पडवीत पडलेले असले की माडीभर हा रंग फिरायचा. ती गेली तेव्हा ते इथे होते. पत्र तीन आठवड्यांनी आलं.

"फोटो आहे," ते म्हणाले. "पण फोटोत ती काळी-पांढरी."

मी भाषांतर करायला बाईंकडे वळलो. त्या दाऊदभाईंकडे बघत होत्या. बाईंनी विचारलं नाही. त्यांनी बूट काढले आणि अनवाणी पायांनी दारावरून खाली उतरल्या.

स्टोअरमध्ये परतल्यावर दाऊदभाईंनी डब्याचं झाकण ठोकून बसवलं आणि कोरी चिठ्ठी माझ्यापुढे सरकवली. "तुझं अक्षर चांगलं आहे. लिही." काय, ते सांगितलं नाही. मी झुलेखाचं नाव लिहिलं. त्यांनी वाचलं, मान हलवली, आणि तो डबा इतरांत न ठेवता आपल्या ट्रंकेत ठेवला.

शनिवारी मोठे साहेब आले. कीगन साहेब निघायच्या गडबडीतूनही तिथे हजर होते. त्यांनी सांगितलं, कमी पडलेला रंग एका दाराला गेला. मोठ्या साहेबांनी वही मागितली. वहीत दार होतं. कारणाचा रकाना वाचून ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग वही मिटून माझ्या हातात दिली आणि निघून गेले. इतक्या लोकांना एकदम ऊन लागलेलं त्यांनी पाहिलं नसावं.

त्या संध्याकाळी कीगन मंडळींना घेऊन बोट गेली. बंगला बंद झाला. मी नेहमीसारखा पिंपावर जाऊन बसलो. दाऊदभाईंनी पेपर दिला, तोच, गेल्या आठवड्यात वाचलेला. नवा आला नव्हता.

"हा झालाय वाचून," मी म्हणालो.

"माहीत आहे."

त्यांनी डोळे मिटले. ते कधीच झोपत नव्हते, अस्तर बघत होते, हे मला आता कळत होतं. मी शेवटचं पान काढलं. शिवणयंत्र विकणे आहे. भाड्याने खोली, स्वतंत्र नळ. अनुभवी कंपाउंडर पाहिजे. हात मांडीवर ठेवला, आवाज कुठेही चढू दिला नाही, आणि अंधार पडून अक्षरं दिसेनाशी झाल्यावरही, पाठ झालं होतं तेवढं सगळं, सपाट वाचत राहिलो.