बागप्रमुखाची हिरवळ

आधीच सांगून ठेवतो, शहापुरात सोसायट्या पुष्कळ झाल्या, पण आमच्या सह्यछायेसारखी सोसायटी शोधून सापडायची नाही! तीन इमारती, गेटवर वॉचमन, प्रत्येकाच्या नावाची पत्रपेटी आणि मधोमध चांगली गुंठाभर मोकळी जागा! आता त्या जागेत दोन हजार तीन सालापर्यंत नुसती बिल्डरची उरलेली खडी पडून होती, ही गोष्ट वेगळी. पण त्या साली तालुक्यातल्या एका मंडळानं ‘सुंदर सोसायटी स्पर्धा’ जाहीर केली आणि भर सभेत मी उभा राहिलो.

"बागेचं माझ्यावर सोडा! सात पिढ्या शेती केलेलं घराणं आहे आमचं. माती रक्तात आहे माझ्या!"

टाळ्या पडल्या. अध्यक्ष निमसेसाहेबांनी मला तिथल्या तिथे बागप्रमुख करून टाकलं. रक्तात माती असेलही, पण मी स्वतः पंधरा वर्षं मुंबईच्या एका कचेरीत या टेबलावरची फाईल त्या टेबलावर ठेवत होतो. एवढ्या खोलात सभेत कोण शिरतं?

खडी हटवली, माती टाकली आणि जूनच्या सुरुवातीला कल्याणच्या नर्सरीतून हिरवळ आणली. टेम्पोतून गोधड्यांसारख्या गुंडाळ्या उतरल्या. उलगडल्या, अंथरल्या, झाली बाग! स्पर्धेचे परीक्षक यायला अजून तीन आठवडे होते. मी सकाळ-संध्याकाळ कमरेवर हात ठेवून बागेत उभा राहू लागलो, आणि मग वाटलं, हे वैभव बाला दाखवलंच पाहिजे!

बा म्हणजे माझे वडील, धाऊ. मुरबाडकडे, म्हशाजवळच्या आमच्या गावी असतो. उभ्या गावात पहिला ब्लॉक मी घेतला, पण बा एकदाही राहायला आला नव्हता. "खुराड्यात काय बगाचा?" असं म्हणायचा. ते मला फार लागायचं. या वेळी मात्र मी गावच्या दुकानात फोन करून त्याला बोलावून घेतलं आणि ठासून सांगितलं, "बा, तू ये तर खरा! दारात गुंठाभर जागा हाय, सगळी माज्या ताब्यात!"

माझं चुकलं ते इथे.

बा रविवारी आला. सोमवारी मी ऑफिसला गेलो, माझी बायको सरिता तिच्या शाळेत. बा एकटाच गॅलरीत बसून माझ्या ताब्यातला गुंठा न्याहाळत होता.

संध्याकाळी गेटातून आत पाऊल टाकलं आणि तिथेच थिजलो. हिरवळ नाही! गुंठाभर काळीभोर माती, गवताचं एक पातं शिल्लक नाही, आणि मधोमध काष्टा मारून, हातात विळा घेऊन, घामाने निथळलेला माझा बाप!

"बा! ह्या काय केलास?"

"अरं, काय गवत माजला होता तुज्या जागेत! मुळासकट काढला. लोका काय म्हनतील? धाऊचा पोर आळशी निघाला!"

"अरं, ती हिरवळ होती! मुद्दाम लावलेली!"

"मुद्दाम?" बाचा विळा हवेतच राहिला. "गवत?"

"हो!"

"पेरून?"

"नाय, इकत आनून!"

बा मटकन मातीत बसला. भातातलं गवत उपटून उपटून ज्याच्या कमरेचा काटा ढिला झाला, त्याच्या पोरानं गवत विकत आणावं! उपटलेलं निदान परत लावावं, तर तो ढीग त्याने सोसायटीमागच्या गोठ्यातल्या म्हशीला घातला होता.

"लय गोडीनं खाल्ला तिनं," बा पडेल आवाजात म्हणाला.

नर्सरीवाल्याला फोन केला. पुढचा माल महिनाभराने! झालं, माझं बागप्रमुखपद, सात पिढ्यांचं नाव, सगळं एका म्हशीच्या पोटात गेलं होतं. त्याहून वाईट म्हणजे बा जेवेना. पहिल्यांदा पोराच्या ब्लॉकवर आला आणि पोराची अब्रू उपटून बसला, हे त्याच्या घशाखाली उतरेना. भाकरीचा तुकडा हातात धरून त्याने विचारलं, "ते परीक्षक कदी येनार?"

"तीन आठवड्यांनी. रविवारी."

"त्यांना काय पायजे? हिरवा?"

"हिरवंगार!"

"मंग एवडंच ना?" बाने तुकडा तोंडात टाकला. "देतो."

दुसऱ्या दिवशी तो गावी जाऊन भाताचं मोड आलेलं बियाणं घेऊन आला. सोबत एक गोणी शेणाची, दोन गोणी पालापाचोळ्याच्या. भात पेरायच्या आधी शेण-पाला पेटवून जमीन भाजायची, ही आमच्याकडची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. गावात ती उन्हाळ्यातच उरकतात. बाने ती सह्यछायेत बुधवारी सकाळी सात वाजता उरकली!

तिन्ही इमारती धुरात गडप झाल्या. शेजारच्या भावनाताईंचे गच्चीवरचे पापड काळे पडले. कोणीतरी "आग! आग!" करत जिन्यातून पळालं, आणि निमसेसाहेब दाढीचा साबण तोंडावर घेऊन बादलीसकट खाली आले.

"हे काय चाललंय?"

"डासांसाठी धूर!" मी ठोकून दिलं.

"आणि हिरवळ कुठे गेली?"

"ती साधी होती, साहेब. आता परदेशी जात लावतोय."

निमसेसाहेबांनी साबणाचा हात माझ्या खांद्यावर ठेवला. "बागप्रमुख असावा तर असा!"

पुढे पाऊस वेळेवर झाला आणि बाने त्याच दिवशी पेरलेलं भाताचं रोप काय तरारून आलं म्हणता! पोपटी, दाट, वीतभर उंच, वारा सुटला की अख्खी बाग एका बाजूला लवायची. समोरच्या सोसायटीचे लोक कुंपणाला लटकून बघायचे आणि मी परदेशी हवामानाबद्दल माहिती द्यायचो. फक्त परीक्षक येण्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी घोटाळा झाला. निमसेसाहेब कुठूनसं गवत कापायचं यंत्र घेऊन आले.

"जरा उंच वाटतंय हो. एकसारखं कापून घेऊ."

बा यंत्रापुढे आडवा झाला. "आधी माजी मान कापा!"

"कोण हे?"

"परदेशी हिरवळीचे तज्ज्ञ," मी म्हणालो.

रविवारी परीक्षक आले. मुख्य परीक्षक शेतकी खात्यातून निवृत्त झालेले, मूळचे मुरबाडकडचे! म्हणजे भाताच्याच मुलखातले! गृहस्थ बागेपाशी थबकले. वाकले, एक पातं खुडलं, बोटांत चोळलं, दाताखाली धरलं. मग कोपऱ्यात काठी घेऊन उभ्या असलेल्या बाकडे गेले आणि हळूच म्हणाले, "किती दिवसांचं?"

"अठरा."

"मग हे उपटून शेतात आवणी कधी?"

"तुमी गेलात का लगेच!"

परीक्षक खोखो हसले. आता फुटलं बिंग म्हणून मी डोळे मिटले. पण संध्याकाळी मंडळाच्या कार्यक्रमात त्यांनी माईकवरून निकाल सांगितला, "पहिलं बक्षीस सह्यछायेला! अशी हिरवळ मी उभ्या नोकरीत दुसऱ्या कुठल्याच सोसायटीत पाहिली नाही!" त्यातला एक शब्दही खोटा नव्हता.

निकाल ऐकून मंडळी परतली, तर बाग रिकामी! बाने सगळं रोप उपटून, जुड्या बांधून टेम्पोत भरलं होतं.

"हिरवळ कुठाय?" निमसेसाहेब किंचाळले.

आता थापा संपल्या होत्या. "गावाला चालली, साहेब, आवणीला. ते भात होतं. आणि हे परदेशी तज्ज्ञ नाहीत, हे माझे वडील आहेत!" बोलताना छाती अशी फुगली, की शर्टाचं बटण जातं की काय असं वाटलं. भावनाताईंनी हसायला सुरुवात केली आणि सगळी सोसायटी हसत सुटली. दुसऱ्या दिवशी आवणीला आमच्या गावी अकरा जण आले. निमसेसाहेब चिखलात दोनदा पडले.

आवणी उरकल्यावर बा आपणहून ब्लॉकवर आला. "खुराड्यात पंखा बरा हाय," म्हणाला. मला काय वाटलं ते काय सांगू! ते पहिल्या बक्षिसाच्या वर होतं.

पंधरा दिवसांनी मंडळाचं बक्षीस आलं. मी ऑफिसात होतो, सरिता शाळेत. वॉचमनचा फोन आला, "साहेब, टेम्पोतून गवताच्या गुंडाळ्या आल्यात. बक्षीस म्हणे. तुमच्या वडिलांनी उतरवून घेतल्यात!"

अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी धावत सुटलो. सोसायटीत पोचलो तेव्हा बा नळावर हातपाय धूत होता. या वेळी त्याने गवत फेकलं नव्हतं. त्याने बागेत पाणी सोडून चिखल केला होता, गुंडाळ्या पिंजून काडी न्‌ काडी सुटी केली होती आणि एकेक वीत अंतर सोडून, दोरीत धरल्यासारख्या सरळ ओळींत गवताची आवणी केली होती!

"गादीवानी गच्च होता रे, वाढनार कसा?" बा समाधानाने म्हणाला. "तुजं नुकसान भरून दिला. दसऱ्यापातुर लोंब्या येतील ना याला?"

"येतील, बा," मी म्हणालो. बागप्रमुख आहे मी, एवढं तरी मला ठाऊक असायलाच हवं!