वीरभद्राच्या तमंच्यास लाल ठिपका बसवावा की न बसवावा, त्या मोहिमेची हकीकत

श्रीसिद्धेश्वर साक्ष. शके एकोणीसशे एकतीस, विरोधीनाम संवत्सरे, भाद्रपद सरता सरता लातूर मुक्कामी जे अरिष्ट उद्भवले आणि नवरात्रात ज्याचा निकाल लागला, ते जैसे पाहिले, जैसे ऐकिले आणि जैसे कोणी कोणी मागाहून नाकबूल केले, तैसे पारखून येथे दाखल केले असे. यात पदरचे काही घातले नाही. कोठे तिखट लागले तर ते मूळच्या मंडळींचे.

त्या समयी लातुरात क्लासांची राज्ये चालत होती. भूकंपास सोळा वर्षे लोटली, पडली ती गावे पत्र्याच्या शेडांतून सिमेंटाच्या घरांत गेली, आणि मग मुरुडापासून जळकोटापर्यंतचे आईबाप आपली लेकरे ट्रंकेसह आणून लातुरात सोडू लागले, की यास डॉक्टर करा अगर इंजिनिअर करा, परंतु रिकामे माघारी पाठवू नका. ऐशा धामधुमीत श्रीमंत अनयराव डायरेक्टरसाहेब, तीन मजल्यांचे आणि दोन हजार बाकांचे धनी, 'दिग्विजय क्लासेस' नामे गादीवर विराजमान होते. त्यांचे छायाचित्र शहरात जागोजाग फ्लेक्सावर हाताची घडी घालून उभे असे, आणि त्या छायाचित्राकडे साहेब येता-जाता स्वतःही आदराने पाहत.

त्या गादीचा खजिना म्हणजे सराव परीक्षेच्या प्रश्नपत्रिकांचे कपाट. त्याच्या आणि फाटकाच्या रक्षणास वीरभद्र नामे गनमॅन, मूळचा मुरुडचा, फौजेतून पेन्शनीत आलेला, सात वर्षे दिमतीस होता. त्याचे कमरेस लायसनचे रिव्हॉल्वर असे, ज्यास दरबारी कौतुकाने तमंचा म्हणत. त्याचा उजवा पंजा अष्टौप्रहर म्यानावर दाबलेला असे. चहा डाव्या हाताने, सलाम डाव्या हाताने, हजेरीची सही डाव्या हाताने. पालक लोक म्हणत, काय जरब आहे, हात हत्यारावरून हलत नाही. यावर साहेबांनी जाहिरातीत त्याचे चित्र छापून खाली 'सदैव सज्ज' ऐसे लिहविले होते.

अरिष्टाचा उगम नांदेडास जाहला. तेथे एका नव्या क्लासाच्या उद्घाटनास साहेब पाहुणे म्हणून गेले आणि तेथल्या गनमॅनने पिस्तूल उचलताच समोरच्या भिंतीवर लाल ठिपका उमटला, म्हणजे नळीखाली लेझरचा दिवा बसविला होता, की जेथे ठिपका तेथे गोळी. जमले पालक अहाहा करते जाहले. साहेबांस जेवण गेले नाही. बासुंदीची वाटी तशीच ठेवून ते उठले आणि लातूरच्या वाटेवर मोटारीत एकच वाक्य पुन्हा पुन्हा बोलत राहिले, ते हे की आपण मागे पडलो. दोन हजार लेकरांपैकी कितीजण एका खोलीत आठ आठ निजतात, ते साहेबांस विचारले असते तर ठाऊक नव्हते. परंतु नांदेडचा ठिपका त्यांच्या डोळ्यांपुढून हटेना.

मग आल्याबरोबर फर्मान सुटले: आमचे तमंच्यासही लेझर पाहिजे, खंडेनवमीस ग्रंथांबरोबर शस्त्राची पूजा होते, त्या दिवशी पालकांचे भर सभेत वीरभद्राने तमंचा रोखावा आणि फळ्यावर काढलेल्या वर्तुळात लाल ठिपका स्थिर धरून दाखवावा.

स्थिर, हा शब्द ऐकून वीरभद्राने म्यानावरचा पंजा अधिकच दाबिला. त्याचे कारण येथे सांगणे प्राप्त आहे.

शके एकोणीसशे पंधरा, लोक गणपती बुडवून निजले आणि पहाटे धरणी हलली, तेव्हा वीरभद्र नुकताच पेन्शन घेऊन घरी आला होता. तो अंगावरच्या कपड्यानिशी निघाला आणि पडल्या गावांतील एका गावी दोन दिवस दगड उपसत राहिला. त्याने अकरा माणसे बाहेर काढली, पैकी चार बोलत होती. तिसऱ्या दिवशी भिंतीची कड उजव्या हातावर आली. हाडे जुळली, पण आतली शीर काही जुळली नाही, आणि तेव्हापासून तो हात उचलला की झाडाच्या पानासारखा हलतो. दाबून ठेवला तर हलत नाही. म्यानावर पंजा असण्याची जरब ती इतकीच. ही गोष्ट त्याने कोणास सांगितली नव्हती. कारण क्लासात नोकरांच्या लेकरांस बाक फुकट मिळत असे, आणि त्याची एकुलती लेक राजश्री बारावीस त्याच क्लासात तिसऱ्या बाकावर बसत होती. गनमॅनचा हात हलतो हे कळले तर गनमॅन जातो, गनमॅन गेला तर बाक जातो, आणि परीक्षा पाच महिन्यांवर. यापुढचा हिशेब करण्यास फिजिक्स लागत नव्हते.

ही मसलत घरी चुलीपुढे जाहली. त्याची बायको गुणाबाई भाकरी थापता थापता म्हणाली,

"अवो, येकदाचं सांगून टाका की हाताचं. चोरी केलाव का?"

"सांगतो आन् पोरीचा बाक घालवतो."

"आन् त्या दिवशी ठिपका नाचला म्हंजे? तवा काय नाचायला आलो होतो म्हनून सांगनार हाव?"

वीरभद्र चुलीतले लाकूड पुढे सारू लागला. तिने तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाली, "माणसं उपसताना हात मोडला. लपवायलाव असं, जनू दारू पिऊन पडलाव."

मग नांदेडाहून अजहरभाई, चष्मे आणि दुर्बिणींचे व्यापारी, लेझरचे यंत्र घेऊन दरबारी दाखल जाहले. खल सुरू जाहला. यंत्र तमंच्यास न लावता नुसतेच हाती धरून त्यांनी कळ दाबिली, तो लाल ठिपका थेट साहेबांच्या खिशावर, आणि साहेब क्षणात टेबलाखाली. वर आले तेव्हा म्हणाले की पेन पडला होता. पेन खिशात होता. परंतु पगारी मंडळी पेन शोधण्यास खाली वाकली, आणि चार एम.एस्सी. माणसे टेबलाखाली एकमेकांची तोंडे पाहत राहिली.

अजहरभाई प्रामाणिक माणूस. त्याने लाभ सांगितले तैसे तोटेही सांगितले, की अंधारात ठिपका उत्तम दिसेल परंतु लातूरच्या दुपारच्या उन्हात दिसणार नाही. आणि सेल संपला की काहीच नाही. आणि म्यान नवे शिवावे लागेल. आणि मुख्य म्हणजे माणसाने हात रोखून धरल्याशिवाय यंत्र नळीशी जुळत नाही. तरी गनमॅनने तमंचा धरावा. वीरभद्राने अर्ज गुजारला की आज तेल दिले आहे, उद्या धरतो. हे बोलताना पंजा म्यानावरून अंमळ सुटला. अजहरभाईचे लक्ष गेले. तो साहेबांस म्हणाला की होय, तेल दिले असता घाई बरी नव्हे.

जिन्यात वीरभद्रास गाठून मात्र त्याने हळूच म्हटले, "फौजीभाई, मी सांगनार न्हाई. पन ठिपका सांगंल. ह्ये दिव्याला लिहाज न्हाई."

"किती दिवस थांबवाल?"

"मी थांबवीन हो. तुमचे साहेब कुठं थांबायलेत?"

दरबारात दोन तट पडले. केमिस्ट्रीवाले म्हणाले बसवावा, बायॉलॉजीवाल्या बाई म्हणाल्या लेकरे घाबरतील. दोन्ही तटांस मनातून एकच हवे होते, ते म्हणजे साहेबांस काय हवे ते आधी कळावे. साहेबांस लेझर हवा होता, परंतु तो आपण मागितला ऐसे दिसू नये, मेरिटवर आला ऐसे दिसावे. मग त्यांनी फर्मान काढिले: ज्या गादीवर सर्व काही परीक्षेने ठरते तेथे हेही परीक्षेने ठरावे. वीस प्रश्न, चार चार पर्याय, विषय हत्यार आणि लेझर. बरोबरास एक गुण, आणि आमची शिस्त कडक म्हणून चुकीस एक पूर्ण गुण वजा. जो पहिला येईल त्याचे मत तोच हुकूम. परीक्षेस साहेब स्वतः बसणार, आणि हत्याराचा धनी म्हणून वीरभद्रासही बसविणार. हे फर्मान सहीशिक्क्यानिशी फाटकाच्या बोर्डावर लागले, आणि पालकांत वाहवा जाहली, की पाहा, डायरेक्टर असून परीक्षा देतात.

प्रश्नपत्रिका फिजिक्सचे आलोक सर यांनी काढिली. त्यांनी उभ्या हयातीत दिवाळीच्या टिकलीच्या पिस्तुलाखेरीज काही हाती धरिले नव्हते. म्हणून त्यांनी कॉम्प्युटरावर बसून परमुलखातील पोलिसांचे कागद उतरून घेतले, आणि ऐसे प्रश्न रचिले की त्या मुलखातील पोलिसही रडावेत.

आता येथे एक गोष्ट ध्यानी ठेवावी. हे सर्व मास्तर रोज सकाळी सहापासून लेकरांस एकच मंत्र देत, की येत नसेल तो प्रश्न सोडा, अंदाजाने गोल काळा करू नका, वजा गुण माणसास बुडवितात. आणि अष्टमीच्या दुपारी तेच मास्तर उत्तराच्या कागदापुढे बसले, तेव्हा एकानेही एक गोल कोरा सोडला नाही. सोडणे म्हणजे येत नाही हे कबूल करणे, आणि शेजारच्या बाकावरून केमिस्ट्री पाहत आहे. मग सर्वांनी वीसच्या वीस गोल ठासून काळे केले. साहेबांनी तर सर्वांआधी करून कागद पालथा ठेविला आणि खिडकीबाहेर ऐसे पाहिले की जणू प्रश्न फारच सोपे.

वीरभद्रास निम्मे प्रश्न येत होते. पल्ला किती, उन्हात काय होते, सेल संपला तर काय करावे, यातले काही त्याने फौजेत कोळून प्यालेले, काही अजहरभाईंच्या तोंडून ऐकलेले. परंतु मोहरीएवढ्या गोलात शाई भरणे आहे. त्याने कच्च्या कागदावर एक गोल करून पाहिला, तो रेघ पार समासात गेली. आणि डावा हात सहीपुरता. मग त्याने पेन खाली ठेविले, दोन्ही हात मांड्यांखाली घेतले, आणि पूर्ण तासभर पहाऱ्यावर बसावे तैसा ताठ बसून राहिला. कोरा कागद परत करताना पर्यवेक्षक हसले.

नवमीस सकाळी ग्रंथ, प्रश्नसंच आणि तमंचा एका चौरंगावर मांडिले, झेंडू वाहिला, सभागृह पालकांनी भरले. मागल्या बाकावर गुणाबाई लेकीचा हात धरून बसली होती. फळ्यावर वर्तुळ काढून तयार होते. अजहरभाई यंत्र घेऊन उभे होते. मग आलोक सरांनी उत्तरे तपासणाऱ्या यंत्रातून निघालेली गुणांची यादी वाचण्यास घेतली, आणि घेतली ती तशीच हातात राहिली.

"वाचा सर, वाचा," साहेब म्हणाले.

केमिस्ट्री, वजा सहा. बायॉलॉजी, वजा चार. श्रीमंत अनयराव, वजा आठ. प्रथम क्रमांक, वीरभद्र, शून्य.

सभेत कोणी तरी शिट्टी मारिली. साहेब गर्जले की हे काय, कोरा कागद पहिला कैसा. यावर आलोक सर, जे आजवर साहेबांपुढे कधी बोलले नव्हते, घाम पुसून म्हणाले, "सर, शून्य हे वजा आठापेक्षा मोठंच असतं." आणि हळूच पुढे म्हणाले, "नाही म्हणाल तर मागल्या साली आपण लावलेल्या सगळ्या रँका बदलाव्या लागतील."

तेथे साहेबांची शिकस्त जाहली. सहीशिक्का बोर्डावर, पालक समोर. त्यांनी हसण्याचा यत्न करून वीरभद्रास मंचावर बोलाविले आणि हुकूम द्यावा म्हणून फर्माविले.

वीरभद्र उभा राहिला. नको, इतके बोलून तो उतरता तर हात झाकलेलाच राहता, बाक शाबूत राहता आणि ही हकीकत येथेच संपती. त्याने मागल्या बाकाकडे पाहिले. मग उजवा हात म्यानावरून काढून सर्वांपुढे उचलून धरला. तो हलत होता.

"ह्यो असा हालतो. भूकंपापासून," तो म्हणाला. "म्हनून ठिपका नको. आन् गोळ्या पन न्हाईत. सात वर्सं झाली, घरी ट्रंकेत कुलपात हायेत. लेकरांच्या गर्दीत ह्या हातानं भरलेलं हत्यार म्या घालनार न्हाई. नोकरीवर ठेवायचं तर असं ठेवा."

साहेबांचे तोंड उघडले, त्यात बडतर्फी तयार होती. तितक्यात जळकोटाहून आलेली पारूबाई नामे एक आई उठून उभी राहिली आणि पदर सावरून म्हणाली,

"म्हंजे हितं भरलेली बंदूक नव्हतीच का कधी?"

"न्हाई बाई."

"लई बरं केलाव, दादा. मला दोन वर्सं झोप न्हाई, पोरगं त्या फाटकातून जातंय म्हनून."

मग दुसरी आई म्हणाली, मग तिसरी, मग एक बाप म्हणाला की आमचेही तेच. साहेबांनी सभेचा वारा ओळखिला. बडतर्फी गिळून त्यांनी तत्काळ जाहीर केले की गोळ्या न ठेवणे हे आमच्या संस्थेचे पहिल्यापासूनचेच धोरण आहे, आणि याचा फ्लेक्स उद्याच लागेल. दहा मिनिटांमागे त्यांस धोरण म्हणून फळ्यावरचे वर्तुळ तेवढे ठाऊक होते. परंतु टाळ्या पडल्या आणि साहेब वाकून त्या घेते जाहले.

येणेप्रमाणे आश्विन शुद्ध नवमीस सदर मोहीम फत्ते जाहली, ती अशी दाखल करण्यात येते: लेझर नामंजूर होऊन अजहरभाईंबरोबर नांदेडास परत रवाना. रिकामा तमंचा कपाटात कुलूपबंद, किल्ली बायॉलॉजीवाल्या बाईंकडे. राजश्रीचा बाक कायम. वीरभद्र फाटकावर कायम, काम बदलून.

काम ते हे की क्लास सुटतेवेळी लेकरांस रस्ता ओलांडून देणे. दसऱ्यानंतर क्लास उघडला त्या दिवशी संध्याकाळी दोन हजार लेकरे फाटकाशी लोटली आणि वीरभद्र भर रस्त्यात जाऊन उजवा हात वर करून उभा राहिला. हात हलत होता. तो हलता हात पाहून, काय झाले कोणास ठाऊक म्हणून, दोन्हीकडचे आटोवाले जागीच थांबले, आणि लेकरे पलीकडे गेली.